दुर्बीण गाठीपर्यंत पोचली होती का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात मी 37 वर्षं दिवाणजीचं काम करतो. आजवर वर्तमानपत्राला कधी पत्र लिहिलं नाही. पण ज्या कागदामुळे माझे पाच महिने वाया गेले, तसले कागद आपल्या जिल्ह्यात अनेकांच्या कपाटात असतील असं वाटतं, म्हणून लिहितो आहे.

गेल्या पावसाळ्यात लागलेला खोकला गणपती गेले तरी थांबेना. सीटी स्कॅनमध्ये उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात, अगदी बाहेरच्या कडेला, 22 मिलिमीटरची गाठ निघाली. इथल्याच एका खाजगी रुग्णालयात श्वासनलिकेत दुर्बीण घालून तपासणी झाली. घशात कडू औषधाचा फवारा मारला, जीभ लाकडासारखी झाली. नंतर मुलाच्या हातात एक लहान बाटली दिली आणि लॅबमध्ये पोचवायला सांगितलं. त्याने मला ती दाखवली. तळाशी तांदळाच्या कणीएवढे चार पांढुरके तुकडे होते.

सहा दिवसांनी रिपोर्ट आला : ‘दाह आहे. कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत.’ मी तेव्हा सौद्यात उभा होतो. मुलाने फोनवर वाचून दाखवलं आणि मला भर बाजारात रडू फुटलं. संध्याकाळी सगळे गणपती मंदिरात जाऊन आलो, सुनेने गल्लीत पेढे वाटले.

पण खोकला होताच. मग टीबी असेल असं धरून गोळ्या सुरू झाल्या. टीबीचे जंतू वाढवून बघता आले असते, पण सगळे तुकडे फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे नमुना टिकवायच्या रसायनात टाकलेले. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, मग वाढणार काय? एखादा तुकडा साध्या सलाइनमध्ये ठेवला असता तर निदान तेवढं तरी कळलं असतं. फेब्रुवारीत पुन्हा सीटी काढला तेव्हा गाठ 31 मिलिमीटरची झाली होती.

पुण्याच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, ‘दुर्बीण गाठीपर्यंत पोचली होती का?’ आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. रिपोर्टमध्ये त्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

त्यांनी कागदावर झाड काढून समजावलं. श्वासनलिकेला फांद्या फुटत जातात, वीसहून अधिक वेळा. नेहमीची दुर्बीण पाच-सहा मिलिमीटर जाडीची, ती पहिल्या काही फांद्यांपर्यंतच जाते. माझी गाठ पार डहाळीच्या टोकाला. तिथे जायला वाट दाखवणारं काहीतरी लागतं : सीटीवरून तयार केलेला नकाशा, एक्स-रेचा पडदा, किंवा दुर्बिणीतून पुढे सरकवायची दीड मिलिमीटरहूनही बारीक सोनोग्राफीची तार. ही तार गाठीत शिरली की पडद्यावर तिच्या चारी बाजूंना गाठ दिसते. पुण्यात माझी दुर्बीण पुन्हा केली, तेव्हा गाठ तारेच्या एकाच बाजूला दिसली, म्हणजे नळीच्या भिंतीला बाहेरून चिकटलेली.

खरी मेख इथेच आहे. चिमटा नळीच्या आतलंच ओरबाडतो; गाठ भिंतीपलीकडे असेल तर तो चांगली भिंतच तोडून आणतो. ब्रशचंही तसंच. सुई मात्र भिंत भेदून पलीकडे जाते. गोठवून तुकडा काढण्याचीही पद्धत आहे, त्यात तुकडा मोठा मिळतो, बाजूचाही मिळतो, पण रक्तस्रावाला जपावं लागतं. माझ्यासाठी त्यांनी आधी सुई वापरली, मग चिमटा, मग ब्रश. त्याच खोलीत पॅथॉलॉजीच्या डॉक्टर काचपट्टीवर रंग टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघत होत्या. पुरेसा माल आला असं त्यांनी सांगेपर्यंत तपासणी थांबवली नाही. काही नमुना फॉर्मॅलिनमध्ये गेला, काही सलाइनमध्ये.

अ‍ॅडेनोकार्सिनोमा, म्हणजे फुप्फुसाच्या कर्करोगाचा एक प्रकार निघाला. मी आयुष्यात विडीला हात लावलेला नाही. जनुकांच्या तपासणीपुरता नमुना शिल्लक होता म्हणून ईजीएफआर नावाच्या जनुकातला बदल सापडला आणि त्यावरची रोजची एक गोळी सुरू झाली. आता जिना चढताना धाप लागत नाही.

आमच्या बाजारात पोत्याच्या तोंडावरची चार हळकुंडं बघून कोणी बोली लावत नाही. हात खोल घालतात, हळकुंड मोडतात, आतला रंग बघतात. आणि पोतंच चुकलं असेल तर त्या नमुन्यावर सौदा होतच नाही. माझ्या पहिल्या रिपोर्टमधला नमुना शेजारच्या पोत्यातला होता, आणि आम्ही त्यावर पेढे वाटले.

हे माझं एकट्याचं मत नाही. अमेरिकन थोरॅसिक सोसायटी आणि अमेरिकन कॉलेज ऑफ चेस्ट फिजिशियन्स या छातीच्या डॉक्टरांच्या संघटनांनी 2024 मध्ये एकत्र येऊन सांगितलं आहे, की तुकड्यावरून नेमका कर्करोग किंवा नेमका दुसरा आजार सांगता आला तरच निदान झालं असं मोजावं. नुसत्या ‘दाह आहे’ला निदान म्हणू नये. 2025 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत 10 ते 30 मिलिमीटरच्या गाठींसाठी दोन पद्धतींची तुलना झाली. नकाशाच्या आधाराने केलेल्या दुर्बिणीचं निदान 79 टक्के रुग्णांत अचूक ठरलं, छातीतून बाहेरून सुई घालून 73.6 टक्के. फुप्फुसाबाहेर हवा साठण्याचा त्रास मात्र दुर्बिणीत 3.3 टक्के आणि बाहेरच्या सुईत 28.3 टक्के. म्हणजे वाट दाखवणारं यंत्र असूनही पाचातल्या एकाचं निदान चुकतं किंवा राहून जातं. मग वाट न दाखवता घेतलेल्या तुकड्यावर ‘कर्करोग नाही’ असं आम्ही कसं समजायचं?

डॉक्टरांवर माझा राग नाही. प्रत्येक ठिकाणी प्रत्येक यंत्र असणार नाही, हे मला कळतं. मिरजेला मिशन रुग्णालय काढणाऱ्या वानलेस डॉक्टरांच्या काळापासून लोक आरोग्याची पंढरी म्हणून येतात, आजही कर्नाटकातल्या अथणी-चिकोडीकडून गाड्या भरून येतात. म्हणूनच इथल्या सगळ्या रुग्णालयांकडे, सरकारी आणि खाजगी, एवढंच मागणं आहे : दुर्बिणीच्या रिपोर्टवर दुर्बीण कुठपर्यंत गेली, गाठ दिसली की नाही, तुकडे कशाने घेतले, किती घेतले आणि कोणत्या बाटलीत टाकले, ते लिहा. नेमकं काही सापडलं नाही तर ‘निदान झालेलं नाही’ असं मराठीत स्पष्ट लिहा आणि पुढच्या सीटीची तारीख त्याच कागदावर द्या. याला नवं यंत्र लागत नाही, चार ओळी लागतात.

आमच्या गल्लीतल्या एका हमालाकडे दिवाळीतला असाच ‘दाह आहे’चा रिपोर्ट होता. त्याच्या बायकोने तो देव्हाऱ्यात ठेवला होता. परवा माझा मुलगा तो कागद आणि त्या हमालाला घेऊन सीटीला गेला.

आपला,
एक दिवाणजी
वखारभाग, सांगली