जुनी छायाचित्रे स्कॅन करताना

महोदय,

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील अनेक मराठी घरांत १९५६ च्या सीमालढ्याच्या काळातील कृष्णधवल छायाचित्रे ट्रंकांत पिवळी पडत आहेत. गेल्या महिन्यात आजोबांचे असेच एक छायाचित्र मी दुकानात स्कॅन करून घेतले. ते ३०० डीपीआयवर (म्हणजे दर इंचाला ३०० बिंदू), जेपीईजीमध्ये (फाइल लहान करताना बारकावे गाळणाऱ्या स्वरूपात) आणि यंत्राने आपोआप उजळ करून दिले गेल्याने पांढऱ्या टोपीवरच्या घड्या त्या फाइलमधून कायमच्या नाहीशा झाल्या, आणि पुढे कितीही संपादन केले तरी त्या परत आणता येत नाहीत, याचे मला फार वाईट वाटले.

ज्यांना नंतर दुरुस्ती करायची आहे, त्यांनी किमान ६०० डीपीआय, पासपोर्ट आकारासाठी १२००, आणि बारकावे न गाळणारे टिफ स्वरूप आवर्जून मागावे. छायाचित्र कृष्णधवल असले तरी स्कॅन रंगीतच, शक्यतो ४८ बिटचे (रंगांच्या अधिक बारीक छटा टिपणारे) असावे, कारण पिवळे डाग रंगावरूनच वेगळे काढता येतात. स्वयंचलित उजळपणा व शार्पनिंग (कडा ठळक करणे) बंद ठेवावे. चार बाय सहा इंचांच्या छायाचित्राची अशी फाइल सुमारे ५० एमबीची होते, म्हणून दुकानदार कुरकुर करतात. तरीही पेनड्राइव्ह सोबत नेऊन मूळ फाइलच घ्यावी, व्हॉट्सॲपवर मागवू नये.

आपला,
एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)