चेतक सुरू झाली, पण आधी एक कबुली

कोथरूड, पुणे
रविवार, रात्री साडेदहा

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आई, बाबांना मोतीबिंदूनंतरचा नवा चष्मा मिळेपर्यंत हे पत्र तूच मोठ्याने वाचणार, म्हणून आधी तुलाच सांगते. पुढे मॅग्नेट, पॉइंट, टेपर असले शब्द येतील. अडखळलीस तरी वाचत राहा, त्यांना बरोबर कळेल. आणि त्यांनी मध्येच "तरी मी सांगत होतो" म्हटलं, तर सरळ चहा टाकायला ऊठ.

बाबा, गेले तीन आठवडे तुम्ही फोनवर आपल्या जुन्या स्कूटरबद्दल "चेतक काय म्हणते?" विचारत होतात आणि मी "मस्त" म्हणत होते. ती काहीच म्हणत नव्हती. इंजिनवरचं झाकण काढलेल्या अवस्थेत पार्किंगमध्ये मुकी उभी होती.

झालं असं, की चांदणी चौकाच्या चढाला तिला दम लागायला लागला होता. धूरही वाढला होता. लहानपणापासून तुमच्या शेजारी बसून पाने हातात देत आले, तेव्हा म्हटलं गॅरेज कशाला. दोन रविवारांत हेड उघडलं, कार्बन खरवडला, रिंगा नव्या टाकल्या. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरच्या बाजूला, रिंगांची तोंडं खाचेतल्या पिनांवर, आणि सुटे नट पोह्यांच्या ताटलीत क्रमाने मांडलेले. (आई, ताटली घासून ठेवली आहे. दोनदा.) इथे थांबायला हवं होतं. पण हात काळे झालेच आहेत तर, म्हणून मॅग्नेट, म्हणजे इंजिनच्या शाफ्टवरचं चुंबकाचं चाक, काढून ठिणगीची वेळ ठरवणारे पॉइंटही साफ केले.

मग किका. पहिल्या दिवशी साठ मोजल्या, नंतर मोजणं सोडलं. सोसायटीतले सगळे तज्ज्ञ जमले. पहिल्या मजल्यावरच्या काकांनी स्कूटर एका बाजूला आडवी केली, तिसऱ्या मजल्यावरच्यांनी दुसऱ्या बाजूला. वॉचमनने येऊन चोक ओढून बघितला. एक आजोबा "आता विजेवरची मिळते की हीच" असं ऐकवून फिरायला गेले. मिळते खरी. आकुर्डीच्या बजाजवाल्यांनी १९७२ चं नाव पुसून पुन्हा लावलं आणि २०२० पासून ती विकायला काढली. पण तिला किक नाही, मग घाम कशावर गाळायचा?

शेवटी सगळ्यांना घालवून तुमचा पाढा म्हणायला बसले: ठिणगी, पेट्रोल, दाब. प्लग काढून वायरीला लावला, भोकापासून लांब हेडच्या धातूला टेकवला (ओरडू नका, पेट्रोलचा कॉक आधीच बंद केला होता) आणि किक मारली. ठिणगी निळी, कडक. म्हणजे कॉइल आणि कन्डेन्सर ठीक. प्लग मात्र पेट्रोलने चिंब. म्हणजे पेट्रोल येत होतं, उलट इतक्या किकांनी आत तुंबलं होतं. तसाच प्लग काढून वीसेक किका मारून ते बाहेर काढलं. भोकावर अंगठा दाबून धरला तर तो फट्‌कन उडाला. रिंगा बसल्या होत्या.

तिन्ही हजर, आणि गाडी तरीही बंद. दोन संध्याकाळी मी नुसती तिच्याकडे बघत स्टुलावर बसले होते. विकायचाही विचार आला, लपवत नाही.

तिसऱ्या संध्याकाळी किक उलटी आली. चपलेसकट पाय वर, पोटरीत कळ, आणि सायलेन्सरमधून दिवाळीतला सुतळी बॉम्ब फुटावा तसा एकच आवाज. वरून कुणीतरी खिडकी लावून घेतली. मला मात्र तुम्ही वाईच्या घाटावर एका मुलाला म्हणाला होतात ते आठवलं: "किक उलटी मारतेय ना? मग पेट्रोलला शिव्या देऊ नकोस, टायमिंग बघ." ठिणगी पडत होती, पण वेळेवर नाही.

आणि टायमिंगच्या जागी हात कुणाचा लागला होता? माझाच. तरी मी तीन आठवडे कार्ब्युरेटरवर संशय घेत होते, ज्याला स्पर्शही केला नव्हता.

नाना पेठेतून पुलर आणला आणि मॅग्नेट उतरवलं. शाफ्टवर मॅग्नेटची जागा दाखवणारी ती नखाएवढी अर्धचंद्र चावी मधोमध कापली गेली होती. अर्धी शाफ्टच्या खाचेत. उरलेली अर्धी सापडेना. ताटली पाहिली, फरशी झाडली. बघते तर मॅग्नेटच्या आतल्या बाजूला लोहचुंबकालाच चिकटून बसलेली.

कारण ऐकून तुम्ही कपाळाला हात लावाल. मॅग्नेट परत बसवताना शाफ्टच्या टेपरला मी ऑइल चोळलं होतं, गंजू नये म्हणून. आई, टेपर म्हणजे शाफ्टचा निमुळता उतार. मॅग्नेटला घट्ट धरून ठेवतो तो हा उतार, चावी फक्त जागा दाखवते. तो कोरडा हवा. मी तो तेलकट केला, वर नट आवळताना मॅग्नेट नुसतं हाताने धरलं. नट ढिला राहिला, किक बसताच मॅग्नेट घसरलं, चावी कापली गेली आणि ठिणगीची वेळ गेली.

टेपर पेट्रोलने पुसून कोरडा केला, पंधरा रुपयांची नवी चावी बसवली, फिलर गेज लावून पॉइंटची फट पाहिली, मॅग्नेट नीट अडकवून नट आवळला. तिसऱ्या किकेला सुरू. इतका धूर झाला की दुसऱ्या मजल्यावर वाळत घातलेले पडदे परत धुवावे लागले, आणि त्याबद्दल मी खाऊचा डबा देऊन आले.

रिंगा नव्या आहेत, म्हणून सध्या चाळिसच्या वर नेत नाही. लिटरला वीस मिली ऑइल, मोजून. चांदणी चौकाचा चढ अजून दाखवलेला नाही.

हे पत्र शेजारच्या वहिनींच्या भावाबरोबर पाठवते आहे, तो उद्या स्वारगेटहून वाईला येतोय. पाकिटात चिकटपट्टीने लावलेले दोन बारके तुकडे आहेत. आई, कचरा समजून टाकू नकोस, बाबांच्या हातात दे. बाबा, कापलेली कड बोटाने चाचपून बघा. त्याला चष्मा लागणार नाही.

आपली,
धाकटी