प्रॉम्प्टरवाल्या काकांना

प्रिय काका,

तुमचा निरोप समारंभ झाला तेव्हा मी बुलेटिन वाचत होते, त्यामुळे बोलायचं राहून गेलं. नाव लिहू नका असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं काका. आपल्या न्यूजरूममध्ये दुसरं कुणी काका नव्हतंच.

लोकांना वाटतं, आम्हाला बातम्या पाठ असतात. स्मिता पाटील मुंबई दूरदर्शनवर बातम्या द्यायच्या तो काळ कागदाचा होता. वाचायचं आणि मान वर करून बघायचं, दोन्ही एकदम. आमच्या कॅमेऱ्यापुढे प्रॉम्प्टरची तिरकी काच. खालच्या मॉनिटरवरची उलटी अक्षरं तिच्यात सुलटी दिसतात आणि काचेआडच्या कॅमेऱ्याला फक्त आमचा चेहरा दिसतो. ती अक्षरं वर सरकवणारा माणूस कुणालाच दिसत नाही.

लातूरहून आले तेव्हा मी फार भरभर वाचायचे. तुम्ही ओरडला नाहीत. कानात आवाज आला, "ताई, तुम्ही धावलात की मलाही धावावं लागतं, आणि माझे गुडघे दुखतात." नवखी मुलं एक वेग लावून मजकूर सोडून देतात, मग वाचणारा त्यामागे फरफटतो. तुम्ही अक्षरांचा वेग कमी-जास्त करणारं चाक बोटात धरून माझा श्वास ऐकत बसायचात. मी थांबले की ओळ थांबायची.

शिवाय मजकूर जसा आला तसा तुम्ही कधी चढवलाच नाहीत. आकडा अक्षरांत, लांबलचक वाक्याचे दोन तुकडे, परकी नावं फोडून. फेब्रुवारी २०२२मध्ये युक्रेन पेटलं आणि मार्चच्या सुरुवातीला तिथल्या अणुप्रकल्पाची बातमी आली, तेव्हा समोर आलं 'झा-पो-रि-झ्झि-या'. दुसऱ्या एका बुलेटिनमध्ये त्या नावाचं काय झालं ते इथे नको सांगायला!

पण खरे आभार २३ नोव्हेंबर २०१९चे. त्या शनिवारी सकाळच्या पेपरांत उद्धव ठाकरेंचं नाव मुख्यमंत्री म्हणून ठळक होतं, आणि आठच्या सुमारास राजभवनातून देवेंद्र फडणवीस आणि अजित पवारांच्या शपथविधीची दृश्यं आली. स्क्रिप्ट नाही, रनडाऊन म्हणजे बातम्यांचा ठरलेला क्रम कोलमडलेला, बातम्या गोळा करणारे इनपुटवाले फोनवर, प्रोड्यूसर कानात नुसतं "बोलत राहा, बोलत राहा" म्हणतोय. बोलू काय? कोऱ्या काचेवर एकेक ओळ उमटायला लागली. 'भाजप १०५. शिवसेना ५६. राष्ट्रवादी ५४. काँग्रेस ४४.' मग 'एकूण २८८, बहुमत १४५'. मग 'राष्ट्रपती राजवट १२ नोव्हेंबरपासून'. थोड्या वेळाने 'आज पहाटे ५:४७ला उठवली'. तेवढ्यावर मी बातमी पेलली. त्या दिवसानंतर मला मोठ्या राजकीय बातम्या मिळायला लागल्या, प्राइम टाइम मिळाला, आणि "न अडखळता बोललीस" म्हणून जे कौतुक झालं ते सगळं माझ्या पदरात पडलं. मी दोन-चार जणांना सांगितलं की ते आकडे काकांनी टाइप केले होते. त्यांना ते माझं मोठेपण वाटलं. काय करणार?

लॉकडाऊनमध्ये लोकल बंद, तरी डोंबिवलीहून ऑफिसच्या गाडीने तुम्ही येत राहिलात. त्याबद्दल एकदा विचारलं तर म्हणालात, "घरी बसून काय करू, तिथे चाक नाही."

तुमच्या जागी आलेला मुलगा चांगला आहे. वेग अजून जमत नाही, पण ऐकतो. तुमची नावं फोडलेली फाईल त्याने जपून ठेवली आहे, नवी नावं तो भरतो आणि मी तपासते. परवा एका व्हिएतनामी मंत्र्याच्या नावावर आम्ही दोघंही अडलो. रविवारी सुट्टी आहे, सकाळी फोन करते.

तुमची,
ताई