‘सौजन्य: इंटरनेट’ नको, संस्थेचं नाव छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या परवाच्या रविवार पुरवणीत हवामान बदलावर पानभर लेख आला. विषय घेतलात त्याबद्दल मनापासून आभार, कारण आमच्या नाशिक जिल्ह्यात हा विषय आता पुस्तकातला राहिलेला नाही, मे महिन्यातच पाऊस सुरू झाला की द्राक्षाच्या काडीत माल धरत नाही, ऑक्टोबर छाटणीनंतर ढगाळ राहिलं की घड जिरतात, डाऊनी रोगाच्या फवारण्या वाढतात, हे निफाड-दिंडोरीतलं कुठलंही घर सांगेल. पण त्या लेखासोबत तापमानवाढीचा जो आलेख छापला त्याच्या खाली बारीक अक्षरात होतं ‘सौजन्य: इंटरनेट’. हे पत्र त्या ओळीसाठी आहे.

मी नाशिकला ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवते, माहेर निफाड तालुक्यातलं, बाग आहे, त्यामुळे तो आलेख माझ्याकडे दोन्हीकडून आला, स्टाफरूममधूनही आणि माहेरच्या द्राक्षवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरूनही. ग्रुपवर लगेच चर्चा सुरू, ४.४ अंश वाढणार म्हणतात मग बाग ठेवायची का तोडायची, एका भाऊंनी विचारलं हे कधीपर्यंत होणार, पाच-दहा वर्षांत का? प्रश्न अगदी बरोबर होता आणि त्याचं उत्तर तुमच्या पानावर कुठंच नव्हतं. सोर्स दिला असता तर कोणीतरी मूळ ठिकाणी जाऊन बघितलं असतं. माणसं कर्ज काढून बाग लावतात हो, त्यांना अर्धा आकडा देऊन चालत नाही.

तर तो ४.४ चा आकडा येतो पुण्याहून. पाषाणला आयआयटीएम म्हणजे भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे, तिथल्या शास्त्रज्ञांनी केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयासाठी २०२० साली भारतातल्या हवामान बदलाचा मोठा अहवाल केला, त्यातला हा आकडा. त्यात म्हटलंय की १९०१ ते २०१८ या काळात देशाचं सरासरी तापमान साधारण ०.७ अंशांनी वाढलं आणि शतकाच्या अखेरीला ते १९७६ ते २००५ च्या सरासरीपेक्षा अंदाजे ४.४ अंशांनी वाढेल, पण कधी, तर कार्बनचं उत्सर्जन सगळ्यात वाईट मार्गानं जात राहिलं तर, त्याला ते आरसीपी ८.५ म्हणतात. म्हणजे तीन अटी झाल्या, कोणत्या सालापर्यंत, कशाच्या तुलनेत आणि कोणता मार्ग धरला तर. तुमच्या आलेखात तिन्ही गायब, फक्त लाल रेघ वर जाताना दिसते.

आणि शेजारच्या चौकटीत १.५५ हा आकडा टाकला होता, तोही बिननावाचा. तो जागतिक हवामान संघटनेचा, डब्ल्यूएमओचा, २०२४ सालच्या तापमानवाढीचा आहे, पण तो १८५० ते १९०० च्या सरासरीच्या तुलनेत आहे आणि अख्ख्या जगाचा आहे. एक आकडा भारताचा एक जगाचा, एकाची सुरुवात १८५० पासून दुसऱ्याची १९७६ पासून, आणि दोन्ही एकाच चित्रात, हे म्हणजे एका पोराची उंची जमिनीवरून आणि दुसऱ्याची ओट्यावरून मोजून कोण उंच ते सांगण्यासारखं झालं. शिवाय त्याच पानावर ‘पॅरिस करार मोडला’ असंही होतं, एक वर्ष १.५ अंशांच्या वर गेलं म्हणजे करारातली १.५ अंशांची मर्यादा ओलांडली असं होत नाही, ती दीर्घकाळाच्या सरासरीवर बघतात, साधारण वीस वर्षांच्या. डब्ल्यूएमओनं आकडा देताना हे स्वतःच स्पष्ट केलं होतं. म्हणजे मूळ प्रेस नोट वाचली असती तरी पुरलं असतं.

आता तुम्ही म्हणाल की कॉपीराइटची भानगड असते, परवानगी कुठं मागत बसायची, म्हणून इंटरनेट लिहितो. उलट आहे संपादक साहेब! परवानगी आधीच दिलेली असते, फक्त नाव लिहा एवढंच त्यांचं म्हणणं असतं. आयआयटीएमचा तो अहवाल ओपन ॲक्सेस आहे, कोणीही फुकट उतरवून घ्यावा, नाव देऊन वापरावा. जगभरात ज्याचा आधार घेतात त्या आयपीसीसीचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलावरच्या आंतरसरकारी समितीचा नियम त्यांच्या साइटवर लिहिलेला आहे, थोड्या आकृत्या किंवा छोटे उतारे वापरायला पैसे नाहीत, लेखी परवानगी नाही, अहवालाचं पूर्ण नाव, प्रकाशक आणि आकृतीचा किंवा पानाचा नंबर द्या, आणि वृत्तपत्रं वगैरेंना तर आणखी सोपं, मूळ आकृती जशीच्या तशी वापरून सोर्स सांगितला की झालं.

इथं एक गोष्ट मात्र जपायला लागते. जशीच्या तशी म्हणजे जशीच्या तशीच, आकृतीत फेरफार चालत नाही, तिच्यासोबतचा खुलासासुद्धा बदलायचा नाही. आपल्याकडे आर्टिस्ट काय करतो, इंग्रजी अक्षरं पुसून मराठी टाकतो, रंग भडक करतो, मधलाच तुकडा कापतो. आयपीसीसीच्या आकृत्यांत रेघेच्या आजूबाजूला फिकट पट्टा असतो ना, तो अनिश्चिततेचा असतो, तोच कापला जातो आणि मग अंदाज हा भविष्यवाणी वाटायला लागतो. माझं सांगणं असं की मूळ आकृती आहे तशी ठेवा आणि खाली चार ओळी मराठीत समजावून लिहा, वाचकाला तेच उपयोगी पडतं. आणि मराठीतच आलेख पाहिजे असेल तर सरळ आकडे घ्या आणि तुमचा स्वतःचा काढा, आयपीसीसीचा इंटरॅक्टिव्ह ॲटलस आहे, त्यात दक्षिण आशिया निवडता येतो, मार्ग निवडता येतो, काळ निवडता येतो, तो डेटा नाव देऊन वापरायला खुला आहे. युरोपच्या कोपर्निकस हवामान सेवेचा १९४० पासूनचा तासातासाचा डेटा आहे, तोही खुला. खाली लिहायचं, आलेख आमचा, डेटा अमक्याचा. आपल्या देशाच्या कॉपीराइट कायद्यातही चालू घडामोडी सांगण्यासाठी कलम ५२ मध्ये सवलत आहे, म्हणजे घाबरण्यासारखं काही नाहीच.

नाव न देता आकडा हातोहात फिरला की काय होतं त्याचा सगळ्यात मोठा दाखला खुद्द आयपीसीसीचाच आहे. २००७ च्या अहवालात आलं की हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होऊ शकतात. ते साल आलं कुठून, तर १९९९ मधल्या एका विज्ञान साप्ताहिकातल्या बातमीतून, तिथून ते एका पर्यावरण संस्थेच्या रिपोर्टमध्ये गेलं आणि तिथून आयपीसीसीत, मधे कोणी मूळ अभ्यास तपासला नाही. शेवटी जानेवारी २०१० मध्ये त्यांना जाहीरपणे चूक मान्य करावी लागली आणि हवामान बदल खोटाच आहे म्हणणाऱ्यांना किती वर्षं पुरेल एवढं खाद्य मिळालं. हिमनद्या वितळतायत हे खरंच होतं, पण एका सालामुळे खऱ्यावरचाही विश्वास गेला. त्यांनी नंतर आपल्या पद्धती कडक केल्या. आता २०२१ च्या पहिल्या भागाच्या अहवालावर ७८,००७ हरकती-सूचना आल्या होत्या आणि त्या प्रत्येकीला लेखकांनी काय उत्तर दिलं ते साइटवर टाकलेलं आहे, कोणीही उघडून वाचावं. इतकं उघडं ठेवलेलं साहित्य आपण ‘इंटरनेट’ म्हणून छापतो याचं मला खरंच वाईट वाटतं.

दुसरा मुद्दा म्हणजे आत शिरायचा. या संस्थांच्या सगळ्या बैठका पत्रकारांना खुल्या नसतात. आयपीसीसीचं सारांशपत्र मंजूर करताना सरकारांचे प्रतिनिधी आणि शास्त्रज्ञ एकेक ओळ वाचून वाद घालतात, रात्र रात्र चालतं, पण तिथं उद्घाटन सोडलं तर पत्रकारांना प्रवेश नाही. मग आत काय झालं हे कसं कळायचं? अर्थ निगोशिएशन्स बुलेटिन म्हणून वार्तापत्र आहे, १९९२ पासून निघतं, त्यांची माणसं अशा बैठकांना बसतात, कोणत्या देशानं कोणत्या वाक्याला हरकत घेतली ते लिहितात, फुकट वाचायला मिळतं. आणि अहवाल यायच्या आधी नोंदणी केलेल्या पत्रकारांना तो एम्बार्गोखाली दिला जातो, म्हणजे वाचा, समजून घ्या, पण ठरलेल्या वेळेआधी छापू नका. ज्या पेपरानं नोंदणी केली त्याच्याकडे विचार करायला वेळ असतो, ज्यानं नाही केली तो संध्याकाळी एजन्सीची इंग्रजी कॉपी घाईघाईत मराठीत करतो, आणि त्या घाईतच ते ४.४ आणि १.५५ एकमेकांत मिसळतात. नोंदणीला पैसे लागत नाहीत. आयपीसीसीचा पुढचा खास अहवाल शहरांवरचा आहे, तो २०२७ ला अपेक्षित आहे, आणि त्याच सालात आपल्याकडे सिंहस्थ आहे, लाखो माणसं, गोदावरी, रामकुंड, उष्णता, पाणी, याहून जास्त कामाचा अहवाल नाशिकला कोणता असेल? आत्ताच नोंदणी करून ठेवा ना.

कॉपचंही तसंच. संयुक्त राष्ट्रांच्या दरवर्षीच्या त्या हवामान परिषदेला पत्रकार म्हणून जायचं तर जर्मनीत बॉनला असलेल्या तिच्या सचिवालयाकडे ऑनलाइन अर्ज करायचा, फी नाही, पण प्रेस कार्ड लागतं आणि संपादकाच्या सहीचं पत्र लागतं की हा माणूस आमच्यासाठी बातमी करणार आहे. इथंच आपला तालुक्याचा वार्ताहर अडतो. तो वर्षानुवर्षं तुम्हाला बातम्या पाठवतो, गारपिटीचे फोटो पाठवतो, लासलगावचे कांद्याचे भाव पाठवतो, पण त्याच्याकडे कार्डही नसतं आणि पत्रही नसतं, मानधनाचं तर बोलायलाच नको. ब्राझीलच्या बेलेमला २०२५ ला कॉप झाली तेव्हा राहण्याचे दर ऐकूनच कितीतरी देशांनी तक्रारी केल्या, तिथं आपला माणूस पाठवा असं मी म्हणत नाही. पण तिथली मुख्य सभा आणि पत्रकार परिषदा नेटवर लाइव्ह दिसतात, नंतरही बघता येतात, एका माणसाला दोन आठवडे तेवढंच काम द्या. निफाडमध्ये बसूनही तो भारताच्या प्रतिनिधीचं म्हणणं त्याच्याच तोंडून ऐकून लिहू शकतो, शेतीच्या नुकसानीच्या पैशांचं काय ठरलं ते विचारू शकतो. एजन्सीची कॉपी हा प्रश्न कधी विचारणार नाही कारण तिला निफाड माहीतच नाही.

भाषेचं सांगते. आयपीसीसीची अधिकृत भाषांतरं संयुक्त राष्ट्रांच्या सहा भाषांत होतात, त्यात हिंदीही नाही. पण जर्मनी आणि जपाननं आपापल्या भाषेत सारांश करून घेतलेत, त्यावर हे अधिकृत भाषांतर नाही असं लिहून ते चालतं. आपल्या राज्यात पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग आहे, माझी वसुंधरा अभियान आहे, मग सारांशाची तीस-चाळीस पानं मराठीत करून घेणं सरकारला अवघड आहे का? मराठी पेपरांनी हा विषय लावून धरला तर होईल. माझे अकरावीचे विद्यार्थी हुशार आहेत, त्यांना विषय कळतो, पण इंग्रजीचं पान उघडलं की अर्धा वर्ग गप्प होतो, आणि ह्याच पोरांच्या घरी बागा आहेत.

जाता जाता आपल्या जिल्ह्याचं. आयएमडी म्हणजे भारतीय हवामान विभागाच्या पुणे ऑफिसच्या साइटवर १९०१ पासूनचा रोजच्या पावसाचा डेटा आहे, पाव अंश अक्षांश-रेखांशाच्या चौकटींचा, अभ्यासासाठी उतरवून घेता येतो. एकाच जिल्ह्यात इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस आणि येवला-नांदगावकडे पाचशेच्या आसपास, मग ‘नाशिकचा पाऊस’ असा एकच आकडा छापून कोणाला काय कळणार? महसूल मंडळातल्या महावेधच्या स्वयंचलित हवामान केंद्राच्या आकड्यावर फळपीक विम्याचे पैसे ठरतात, म्हणजे आकडा कोणत्या केंद्राचा हे आमच्यासाठी पोटाचं आहे. फोटोंचंही तेच, गोदेला पूर आला की दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी, गळ्याला पाणी असं आपण बोलतो, आणि दर पावसाळ्यात २०१९ च्या पुराचा फोटो आजचा म्हणून फिरतो, गंगाघाटावरचे दुकानदार सामान हलवायला धावतात. फोटोखाली तारीख आणि काढणाऱ्याचं नाव असेल तर ही धावपळ वाचते.

माझी विनंती एवढीच आहे. त्या रविवारच्या आलेखाची दुरुस्ती येत्या रविवारी त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या जागेत छापा, ४.४ कोणाचा, कधीचा, कशाच्या तुलनेत आणि कोणत्या मार्गावर, १.५५ कोणाचा आणि कशाच्या तुलनेत. यापुढे हवामानाच्या प्रत्येक आकड्याखाली संस्था, अहवालाचं साल आणि आकृतीचा नंबर द्या. आणि जिल्ह्यातल्या निदान एका वार्ताहराला तुमच्या सहीचं पत्र आणि कार्ड द्या म्हणजे पुढच्या कॉपचे अर्ज सुरू झाले की तो भरू शकेल. मराठी खुलासे लिहायला मदत लागली तर मी आणि आमच्या कॉलेजातले दोघं-तिघं शिक्षक तयार आहोत, मोबदला नको.

आपली नियमित वाचक,
गंगापूर रोड, नाशिक