सोयाबीनला तार सुटली

त्सुकुबा, इबाराकी, जपान
१६ फेब्रुवारी

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "जपानची माणसं एवढ्या सोयाबीनचं करतात तरी काय?" मी कामाच्या गडबडीत "खातात" एवढंच म्हणालो. त्या उत्तरानं तुझं समाधान झालं नसणार, माझंही झालं नाही. आज रविवार आहे, बाहेर कोरडा बोचरा वारा सुटलाय आणि फ्रीजमध्ये मी केलेल्या नात्तोचा, म्हणजे इथल्या आंबवलेल्या सोयाबीनचा, डबा मुरतोय. म्हणून निवांत लिहायला बसलो.

आपल्याकडं सोयाबीन रानातून निघालं की काट्यावर, काट्यावरून मिलला. तेल निघालं, पेंड कोंबड्यांना गेली, विषय संपला. तुझ्या-माझ्या घरी पोत्यांची थप्पी छताला टेकायची, पण तो दाणा शिजवून ताटात वाढलेला मला आठवत नाही. फार तर गव्हाच्या दळणात मूठभर. इथं त्याच दाण्याचं पनीरासारखं तोफू होतं, मिसो म्हणजे आंबवलेला खारट लगदा होतो, सोया सॉस होतो. पण मला लळा लागला तो नात्तोचा, आणि तोही फार उशिरा. पहिली दोन वर्षं मला त्याचा वास सहन होत नव्हता. कडब्याच्या गंजीत पाणी शिरल्यावर आतून जो उबट वास येतो ना, त्याच्या जवळपासचा. आणि वर भेंडीच्या दसपट तार!

वासाचं ते साम्य उगीच नाही. नात्तो करणारा जिवाणू वाळल्या गवतात, भाताच्या पेंढ्यात राहतो. बॅसिलस सबटिलिस त्याचं नाव. पूर्वी इथली माणसं पेंढा उकळत्या पाण्यातून काढायची, त्याच्या पुडीत उकडलेलं गरम सोयाबीन बांधायची आणि उबेला ठेवायची. उकळत्या पाण्यात बाकीचे जंतू मरतात, पण याचे बीजाणू तग धरतात, ऊब मिळाली की जागे होतात. १९०५च्या सुमारास शिन सावामुरा या शास्त्रज्ञानं हा जिवाणू वेगळा काढला. पुढं होक्काइदोत जुन हान्झावा यांनी त्याचं शुद्ध विरजण वापरायची पद्धत बसवली आणि पेंढ्यावाचूनही नात्तो होऊ लागला.

आता खास तुझ्यासाठीची गोष्ट. नात्तोचं गाव म्हणजे मितो, आमच्याच इबाराकी प्रांतात, इथून गाडीनं तासाभरावर. तिथला नात्तो बारीक दाण्याचा असतो, आपल्या सोयाबीनच्या निम्मासुद्धा नाही. मी कारण विचारलं तेव्हा कळलं, तिथं नाका नावाची नदी आहे. शरदात वादळं आली की तिला पूर यायचा आणि काठची शेतं पाण्याखाली जायची. म्हणून शेतकरी लवकर येणारं वाण पेरायचे, पुराच्या आधी काढून घरात घ्यायचे. लवकर येणारा दाणा बारीक. तोफू-मिसोला त्याला कोण विचारणार? पण नात्तोला तो नामी निघाला, कारण बारीक दाणा भाताबरोबर घासात नीट येतो. १८८९ साली मितोला रेल्वे आली, स्टेशनावर प्रवाशांना पेंढ्याच्या पुड्या विकायला सुरुवात झाली आणि नाव देशभर झालं. दत्ता, हे ऐकलं तेव्हा मला तुझं ऑक्टोबरमधलं रान आठवलं. काढणीला आलेलं पीक, वर भरून आलेलं आभाळ, आणि शेंगेतच कोंब फुटतील म्हणून तुझा रात्रभर लागलेला घोर. नदीकाठच्या त्या माणसांचा घोर तू एका वाक्यात ओळखशील.

घरी करायला मला शिकवलं शेजारच्या आजींनी. ऐंशीच्या पुढच्या आहेत. त्यांच्या लहानपणी हिवाळ्यात घरोघरी पेंढ्याच्या पुड्या बांधायचे, आणि ऊब द्यायला कोतात्सूत ठेवायचे. कोतात्सू म्हणजे खाली शेगडी आणि वरून रजई घातलेलं बुटकं टेबल.

मी अर्धा किलो सोयाबीन घेतो. तीन-चार पाण्यांनी धुतो आणि थंडीत चांगलं वीस तास भिजत घालतो. वजन दुपटीच्या वर जातं. मग आईनं दिलेला आपला कुकर. तो निम्म्यावर भरायचा नाही, फेस फार येतो आणि सालं वर येऊन शिट्टीत अडकतात. प्रेशर आल्यावर मंद आचेवर पाऊण तास. दाणा शिजला का हे आजी अंगठा आणि करंगळीत धरून बघतात. करंगळीत जोर नसतो, तिनं दाबून दाणा लोण्यासारखा मोडला तरच शिजला म्हणायचा. ही परीक्षा मला फार आवडते.

विरजण लावायची रीत मात्र आपल्या उलट. आपण दूध कोमट व्हायची वाट बघतो, इथं दाणे वाफाळत असतानाच लावायचं. या जिवाणूचे बीजाणू ती उष्णता सोसतात, दुसरं काही मात्र आत शिरू शकत नाही. दुकानातल्या नात्तोचा चमचाभर उकळून निवलेल्या पाण्यात कालवायचा आणि दाण्यांवर शिंपडून भराभर हलवायचं. चमचा, भांडं, सगळं आधी उकळत्या पाण्यातून काढलेलं हवं. मग पसरट डब्यात दोन बोटांचा थर, वर स्वच्छ फडकं, आणि चाळीस अंशाला बावीस-चोवीस तास.

पहिल्या खेपेला मी डब्याचं झाकण गच्च लावलं. ऊब कोंडून राहावी असं वाटलं. दुसऱ्या दिवशी झाकणाला आतून पाण्याचे थेंब, दाणे ओलेगिच्च, आणि तार नावाला नाही. आजींनी डबा बघितला आणि म्हणाल्या, "याला श्वास लागतो." आपलं दही बंद भांड्यात लागतं, याला हवा हवीच. पुढच्या खेपेला तीस तास ठेवला, तर नाकात जाणारा अमोनियाचा दर्प. तिसऱ्यांदा जमलं. फडकं उचललं तर दाण्यांवर धुकं उतरल्यासारखा पांढुरका थर, आणि चमचा घातल्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखी तार वर आली. मी हिला झोपेतून उठवून दाखवली.

लगेच खायचा नाही. एक दिवस थंडीत मुरला की वास निवतो, चव भरते. खाताना आधी नुसताच घोटायचा, काड्यांनी गोल गोल, फेस पांढरा होईपर्यंत. सोया सॉस आणि तिखट मोहरी त्यानंतर. आधी सॉस घातला तर तार नीट धरत नाही. वर कांद्याची पात आणि खाली गरम भात. मी चिमूटभर जवसाची चटणीही घालतो. आजींनी चाखून बघितली, आता त्यांच्यासाठी वेगळी पुडी द्यावी लागते.

आणि हे फक्त जपानचं आहे असं समजू नकोस. सिक्कीम-दार्जिलिंगकडं याचंच भावंड किनेमा नावानं आहे, मणिपुरात हवाइजार, नागालँडात अखुनी. आपल्याच देशातली माणसं पिढ्यान् पिढ्या सोयाबीन आंबवून खातात आणि आपण सोयाबीनच्या राशीत वाढूनही हे ऐकलं नव्हतं, याची मला खरंच चुटपुट लागते.

एक महत्त्वाचं. अप्पांना रक्त पातळ करायची वॉरफरिनची गोळी चालू असेल तर त्यांना यातला एक चमचाही द्यायचा नाही. नात्तोत के जीवनसत्त्व भरपूर असतं, ते त्या गोळीचा गुण घालवतं. कोणती गोळी आहे ते चिठ्ठीवर बघून कळव.

मी मे महिन्यात येतोय, तीन आठवडे. तेव्हा लातूरच्या उन्हात तुझ्या पत्र्याच्या खोलीत चाळीस अंश आपोआप मिळतील, रात्रीपुरती गरम पाण्याची बाटली ठेवू. विरजणाचं मी बघतो. तू फक्त बियाण्यासाठी राखलेल्यातलं, औषध न चोळलेलं दोन किलो सोयाबीन बाजूला काढ. चाळून घे, आणि वरचा टपोरा दाणा नको, चाळणीखाली पडतो तो बारीक ठेव.

काकूंना आणि अप्पांना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
विनू