उपग्रह जाळण्याआधी परिणाम तपासा

महोदय,

सुमारे ५५० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांमुळे केबल न पोहोचलेल्या भागांतही वेगवान इंटरनेट मिळू लागले, ही मोठीच सोय आहे. २०२२ मध्ये ज्वालामुखीच्या उद्रेकाने टोंगा या पॅसिफिक महासागरातल्या बेटराष्ट्राची समुद्राखालची केबल तुटली, तेव्हा बाहेरच्या जगाशी संपर्क उपग्रहांमार्फतच पुन्हा जुळला.

पण या उपग्रहांचे आयुष्य साधारण पाच वर्षांचे. मुदत संपली की ते वातावरणात जाळायचे, हीच त्यांची विल्हेवाट! जळताना ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचे सूक्ष्म कण तयार होतात, वरच्या थरांत वर्षानुवर्षे रेंगाळतात आणि ओझोन नष्ट करणाऱ्या क्लोरीनच्या अभिक्रियांना चालना देऊ शकतात. ओझोननाशक रसायनांना आळा घालणाऱ्या १९८७ च्या मॉन्ट्रियल करारामुळे ओझोनचा थर आता कुठे सावरतो आहे. अशा वेळी अमेरिकेचा दूरसंचार आयोग उपग्रहांच्या परवान्यांना सविस्तर पर्यावरणीय तपासणीतून सर्वसाधारणपणे सूट देत आला, हे मला अत्यंत बेजबाबदारपणाचे वाटते. टकरींचा धोका आहे तो वेगळाच. २००९ मध्ये इरिडियम आणि कॉसमॉस या दोन उपग्रहांच्या एकाच धडकेतून दोन हजारांवर तुकडे कक्षेत विखुरले.

एकेका उपग्रहाचा नव्हे, तर संपूर्ण ताफ्याचा प्रक्षेपणापासून जळण्यापर्यंतचा परिणाम तपासल्याशिवाय कोणत्याही देशाने परवाना देऊ नये.

– एक वाचक