मावशी, तुम्ही बाबांचं कौतुक केलं नाहीत म्हणून

प्रिय मावशी,

प्रभूमध्ये सलाम.

नाव लिहायचं नाही ही तुमची अट पाळते आहे. पत्र मात्र उघडच लिहिते. आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांत कितीतरी घरांत असा एखादा म्हातारा माणूस अंथरुणाला खिळलेला असतो आणि भेटायला जाणाऱ्यांना त्याच्याशी काय बोलावं ते सुचत नाही. तुम्हाला सुचलं.

बाबांना पक्षाघात झाला तेव्हा मंडळीतले सगळे येऊन गेले. पंच आले, तरुण संघ आला, महिला मंडळ फळं घेऊन आलं. सगळ्यांचं एकच वाक्य: "तुम्ही किती सेवा केलीत, देव विसरणार नाही." मनापासून म्हणायचे, त्यात खोट नव्हती. पण ते गेले की बाबा भिंतीकडे तोंड करून पडायचे. आयुष्यभर देवळात सतरंज्या घातल्या, कमाईचा दशांश देवाला द्यायला चुकले नाहीत, सुगीच्या उपकारस्तुतीला पहिलं पोतं आपलं असावं म्हणून धडपडले. आता उजवा हात गेला, जीभ जड झाली. जमेला काही पडत नाही, मग देवाकडचं खातं चालायचं कसं, हा त्यांचा घोर. लोक जितकं कौतुक करायचे तितकं ते खातं त्यांच्यासमोर पुन्हा उघडलं जायचं.

पाळकसाहेब प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या स्मरणाची भाकर आणि द्राक्षरस, द्यायला घरी आले तर बाबांनी मान फिरवली. बरा झालो की देवळात येऊन घेईन, म्हणाले.

तुम्ही त्यांच्या सेवेबद्दल चकार शब्द काढला नाहीत. ‘उपासना संगीत’ या आपल्या गीतसंग्रहातलं रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एखादं गीत म्हणायचात (सूर थोडा इकडेतिकडे, रागावू नका), पवित्र शास्त्र वाचायचात आणि निघायचात. एकदा मात्र सरळ विचारलंत, "दादा, बरे झालाच नाहीत तर?" मी तुम्हाला थांबवणारच होते. बाबा तडकले. "मग काय तोंड दाखवू त्याला?"

तिथून तुम्ही पंडिता रमाबाईंवर आलात. आमची पणजी केडगावला त्यांच्या मुक्तिसदनात वाढलेली, त्यामुळे रमाबाई म्हणजे बाबांची मोजपट्टी. दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली आणून सांभाळल्या त्या रमाबाई, त्यांच्यापुढे आपण कोण, असं ते नेहमी म्हणायचे. तुम्ही फक्त सनांचा क्रम लावून दाखवलात. बाप्तिस्मा 1883 मध्ये, इंग्लंडात वाँटेजला. त्यानंतर आठ वर्षांनी त्यांना उमगलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त अजून मिळालेला नाही. हे त्यांनी स्वतः आपल्या साक्षीत लिहून ठेवलंय, ती साक्ष 1907 ची. एवढी संस्कृत जाणणारी, विधवांसाठी शारदा सदन काढलेली बाई, आणि तिलाही शेवटी रिकाम्या हातांनीच यावं लागलं. दुष्काळातल्या त्या मुली 1896-97 च्या. म्हणजे आधी कृपा घेतली, काम नंतर उभं राहिलं. "तुम्ही उलटीकडून मोजताय दादा," एवढंच म्हणालात.

बायबलमधल्या इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय बाबांना पाठ होता. तारण हे देवाचं दान आहे, कर्मांचं फळ नाही, यावर त्यांनी स्वतः उपासना चालवल्यात! तुम्ही दहाव्या वचनापर्यंत नेलंत. सत्कर्मं तिथेही आहेत, पण तारण झालेल्या माणसाने चालायची वाट म्हणून, तारणाची किंमत म्हणून नव्हे. हे मलाही इतकं स्वच्छ कोणी सांगितलं नव्हतं, आणि मी लहानपणापासून संडे स्कूलला गेलेली.

येशूने सांगितलेल्या द्राक्षमळ्याच्या दृष्टांतावर मात्र बाबा भांडले. पाच वाजता आलेल्याला दिवसभर राबलेल्याइतकीच मजुरी हे त्यांना कधीच पटलं नव्हतं. मुकादमी केलेला माणूस. तुम्ही त्यांना भांडू दिलंत. मग म्हणालात, "सकाळी आलेल्यांच्या बाजूने बोलताय, पण आज तुम्ही पाच वाजता आलेल्यांत बसलाय." बाबा गप्प झाले. नंतर हसले. वाकड्या तोंडाने, पण हसले.

पुढच्या खेपेला पाळकसाहेब आले तेव्हा बाबांनी तोंड उघडलं. भाकर आईने भरवली.

ते अगदी बदलून गेलेत असं सांगणार नाही. रविवारी सतरंज्या कोणी घातल्या याची चौकशी होतेच, आणि ज्याने घातल्या त्याला नीट जमत नाही हेही ठरलेलं. पण आता आंघोळ घालताना "माझ्यामुळे तुम्हाला त्रास" हे पालुपद बंद झालंय. आपलं कोणी काही करतंय हे त्यांना सोसायला लागलंय.

मावशी, तुम्ही रिक्षाचे पैसे एकदाही घेतले नाहीत. आई अस्वस्थ आहे. एवढं सगळं ऐकून तुला हिशेब सुचतोच कसा, असं मी तिला म्हटलं, तर म्हणते, "ते देवाचं. माणसांचं चुकतं करावं लागतं." तेव्हा पुढच्या गुरुवारी शेंगदाण्याच्या चटणीचा डबा तयार असेल. तो मुकाट्याने न्या.

तुमची,
दादांची थोरली